यॉर्क म्हणजे रानडुक्कर की झाड?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या यॉर्क या शहराच्या नावाचा अर्थ एकीकडे 'रानडुकरांचं गाव' आणि दुसरीकडे 'यूच्या झाडांची जागा' असा का दिलेला असतो, आणि त्यातलं खरं कुठलं. माझं उत्तर झाड. पण डुक्कर मधे कुठून शिरलं ते फार छान आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोमन लोकांनी इ.स. 71 च्या सुमारास तिथे छावणी टाकली, पण नाव स्वतःचं दिलं नाही, तिथल्या ब्रिटन लोकांच्या केल्टिक भाषेत जे नाव होतं त्यालाच लॅटिन शेपूट लावून एबोराकुम केलं. त्यातलं 'एबुर' म्हणजे यूचं झाड असं बहुतेक अभ्यासक धरतात. काहीजण म्हणतात की एबुरोस नावाच्या कुणा माणसाची ती जमीन, पण ते नावसुद्धा त्या झाडावरूनच येतं, त्यामुळे फिरून तिथेच. इंग्लंडमधे जुन्या चर्चच्या आवारात हे झाड हमखास दिसतं, काळपट हिरवं, चपट्या सुयांसारखी पानं आणि बोरापेक्षा लहान लाल मऊ फळं, ज्यांच्या आतली बी विषारी असते.

मग रोमन गेले आणि अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्रजांचे पूर्वज, आले. त्यांना एबोरचा काही अर्थ लागेना, पण त्यांच्या भाषेत त्याच्यासारखाच ऐकू येणारा 'एओफोर' शब्द होता (यातला फ मधे आल्यामुळे व सारखा म्हणायचे) आणि त्याचा अर्थ रानडुक्कर. पुढे 'विक' म्हणजे वस्ती, पेठ जोडलं आणि झालं एओफोरविक. आपल्याकडे पहाऱ्यावरच्या शिपायांनी 'हू कम्स देअर' चं 'हुकुमदार' केलं ना, अगदी तसंच, कानाला जे ओळखीचं वाटलं ते तोंडात बसलं. म्हणजे डुकराचा अर्थ खोटा नाही, तो त्या लोकांसाठी खराच होता, फक्त मूळचा नाही.

866 मधे डेन लोकांनी, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी, शहर घेतलं आणि त्यांच्या जिभेवर त्याचं योर्विक झालं. त्यांच्या भाषेत 'वीक' म्हणजे खाडी, पण शहर आहे नदीकाठी, समुद्रापासून चांगलंच आत, तेव्हा इथे खाडी शोधण्यात अर्थ नाही, तो फक्त आवाज जुळवलेला आहे. योर्विकचंच झिजून झिजून यॉर्क झालं.

डेन लोकांनी खरी छाप ठेवली ती रस्त्यांच्या नावांवर. तिथे कितीतरी गल्ल्यांच्या नावात गेट आहे आणि हा गेट म्हणजे दरवाजा नव्हे, त्यांच्या 'गाता' शब्दावरून आलेला, रस्ता किंवा आपली आळी. वेशीला तिथे बार म्हणतात. मिकलगेट म्हणजे थोरली आळी, आणि त्यातला मिकल आपल्या 'महा' चा लांबचा भाऊबंद आहे, एकाच मुळातून आलेले. कॉपरगेटची पाटी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला पुण्याची तांबट आळीच आठवली, कॉपर म्हणजे तांबं धरून चालले होते, पण तसं नाही, ती लाकडी पेले करणाऱ्यांची म्हणजे कातारी लोकांची आळी. आणि हे नुसतं डिक्शनरीतलं नाही, 1976 ते 81 मधे तिथे खोदकाम झालं तेव्हा ओल्या मातीत लाकूड टिकून राहिलेलं सापडलं, त्यात पेला कातताना आतून निघणारे गोल गाभेसुद्धा होते. हजार वर्षांपूर्वी कारागिराने फेकून दिलेला तो लाकडाचा तुकडा, आणि पाटीवर अजून त्याच्याच धंद्याचं नाव! मला तरी ते फार भारी वाटतं.

न्यूयॉर्कचं म्हणाल तर ते सरळ आहे, 1664 मधे इंग्रजांनी डच लोकांकडून न्यू अ‍ॅमस्टरडॅम घेतलं आणि राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क होता त्याच्या नावाने ठेवलं.

आणि जुनं नाव पूर्ण गेलंय असंही समजू नका. यॉर्कचे आर्चबिशप, म्हणजे तिथले मुख्य ख्रिस्ती धर्मगुरू, सही करताना आपल्या नावापुढे आजही 'एबोर' लिहितात.