सावळी सून अन् एका कांदेपोह्यात हृदय

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. माझा मुलगा जालन्यात स्टीलच्या कंपनीत कामाला आहे, वय 28. अंबडकडची एक मुलगी पाहून आलो, नर्स आहे, घरचे भक्तीतले लोक, बोलायला पण चांगली, फक्त रंग खूप सावळा. माझा मुलगा गोरा आहे म्हणून नणंद म्हणायली की जोडा शोभणार नाही, चर्चमधल्या बाया नावं ठेवतील. पाळक साहेबांना विचारलं तर ते म्हणाले देव हृदय बघतो, तुम्ही पण तेच बघा. आता एका कांदेपोह्यात हृदय कसं बघायचं तेवढं सांगा.
— एक आई, जालना

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, मग वाटलं बाईनं बरोबर जागी बोट ठेवलं. पाळक साहेबांनी सांगितलं ते वचन बायबलातल्या पहिल्या शमुवेलाच्या 16 व्या अध्यायातलं. शमुवेल बेथलेहेमात इशायाच्या घरी राजा निवडायला गेला अन् थोरल्या अलियाबाला बघताच मनात म्हणला की हाच तो, अन् चुकला. एवढा मोठा संदेष्टा, अन् ते पण आधीच्या शौल राजाचा अनुभव घेऊन चुकला, कारण शौल पण असाच सगळ्या लोकात खांद्यापासून वर उंच दिसायचा. 7 पोरं एकामागं एक पुढून गेली, अन् देवानं निवडलेला धाकटा दावीद मेंढरामागं होता, त्याला कुणी बोलवलंच नव्हतं. म्हणजे हृदय बघणं हे देवाचं काम, शमुवेलाला नाही जमलं तर तुम्हाला-मला एका बशीभर पोह्यात काय जमणार! आपल्याला दिसते ती वागणूक, अन् ती दिसायला चार वेळा जावं लागतं.

(त्याच अध्यायात दावीद देखणा होता हे पण लिहिलंय, त्यामुळं रूप असणं काही पाप नाही, तुमचा लेक गोरा आहे तर राहू द्या गोरा.)

आता नणंदबाईंचं. त्यांना बायबलातल्या गणना पुस्तकाचा 12 वा अध्याय वाचायला द्या. मोशेनं कूशी बायको केली म्हणून त्याची बहीण मिर्यम अन् भाऊ अहरोन त्याच्या विरोधात बोलायला लागले. कूश म्हणजे मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दक्षिणेचा मुलुख, काळ्या वर्णाच्या लोकांचा. भांडण रंगावरूनच होतं असं तिथं लिहिलेलं नाही, ते मी म्हणणार नाही, पण पुढं जे झालं ते बघा, मिर्यमच्या अंगावर कोड उठलं अन् ती बर्फासारखी पांढरी झाली, 7 दिवस छावणीच्या बाहेर राहावं लागलं. सून काळी म्हणून नाक मुरडणाऱ्या प्रत्येक आत्याबाईला मला हीच गोष्ट सांगावी वाटते.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात पण खटकली. बोलायला चांगली, "फक्त" रंग सावळा. आपल्याकडं असंच चालतं, रंग सावळा पण स्वभाव चांगला, जसं काय स्वभाव म्हणजे रंगाची भरपाई. बायबलातल्या गीतरत्न या प्रेमगीतात तर मुलगी स्वतःच म्हणते की मी काळी आहे अन् सुंदर आहे. काही भाषांतरात तिथं "पण" येतं, काहीत "आणि", कारण मूळ हिब्रूतल्या त्या बारक्या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. मी आपली "आणि" धरते.

चर्चमधल्या बाया बोलतील, बोलू द्या, नाताळपर्यंत त्यांना दुसरा विषय मिळतो. अन् त्यातल्या कुणाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर नर्सच आठवेल.

राहिलं एक. नणंद काय म्हणायली, बाया काय म्हणतील, पाळक साहेब काय म्हणले, सगळं लिहिलं तुम्ही, पण लेकाला ती आवडली का हे कुठंच नाही. अन् मुलीला तुम्ही लोक आवडलात का, तिनं पण तर बघितलंच असंल ना तुमच्याकडं. आज रात्री त्याला जेवायला वाढताना विचारा, नणंद नसताना. हो म्हणला तर पुढच्या रविवारी भक्ती झाल्यावर दोघंच मायलेक अंबडला जाऊन या, पाव्हणे घेऊन नका जाऊ, अन् तिच्या आईला आधीच फोन करून सांगा की पोहे करू नका, भाकर-भाजी जे असंल ते खाऊ.