‘मी सामना पाहिला की आपले हरतात’

‘फुटबॉलचे हे वेड या वयातही सुटत नाही, हा काही विकार तर नाही ना?’ हंगाम संपत आला की गोव्यातल्या माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा एफसी गोवा या गोव्याच्या व्यावसायिक फुटबॉल संघाचा पाठीराखा असतो आणि त्याला घेऊन येणारी त्याची पत्नी असते. फोंड्याकडच्या अशाच एका गृहस्थांची हकिगत, ओळख पटणार नाही इतपत बदलून, येथे सांगते.

पहिल्या भेटीत ते संघाविषयीच बोलत राहिले. इंडियन सुपर लीग या देशातल्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्या वर्षी, २०१४ मध्ये, उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टींवर हार झाली. २०१५ च्या अंतिम सामन्यात घरच्या फातोर्डा मैदानावर ८७ व्या मिनिटाला आघाडी मिळाली आणि चेन्नईने शेवटच्या काही क्षणांत दोन गोल करून ती हिरावून नेली. २०१९ चा अंतिम सामना बंगळुरूच्या राहुल भेकेने जादा वेळेत हेडर मारून जिंकला. ६ एप्रिल २०२५ ला उपांत्य फेरीच्या दुसऱ्या सामन्यात बंगळुरूविरुद्ध पहिल्या सामन्यातली दोन गोलांची पिछाडी भरून काढली, तर भरपाईच्या वेळेत बंगळुरूच्या सुनील छेत्रीने गोल केला आणि संघ बाहेर पडला. त्या रात्रीनंतर हे गृहस्थ घरात कोणाशी धड बोलेनात आणि मुलीने साधे काही विचारले तरी खेकसू लागले.

“मॅडम, मी मैदानावर असलो की असेच होते. मीच पनवती आहे.”

“जिंकलेल्या सामन्यांना तुम्ही नव्हता?”

“होतो. पण ते धरायचे नाहीत.”

हे न धरलेले सामने मी पुढच्या भेटींत त्यांच्याकडूनच मोजून घेतले. ते हसत, पण समजूत ढळेना. अखेर मी विचारले, “छेत्रीच्या त्या गोलानंतर महिन्याभरातच भुवनेश्वरला सुपर कपचा अंतिम सामना झाला. तो कुठे पाहिलात?”

“नाही पाहिला. टीव्ही बंद करून वरच्या खोलीत जाऊन बसलो. पाहिला असता तर हरलो असतो.”

“निकाल काय लागला?”

“तीन-शून्य. जमशेदपूरला हरवले.” एवढे बोलून ते बराच वेळ गप्प राहिले. अशा वेळी काहीतरी बोलून टाकण्याचा मोह समुपदेशकाला होतो. तो आवरायला मी अनुभवाने शिकले आहे. मग तेच सावकाश म्हणाले, “म्हणजे रडवणारे सगळे सामने पाहिले आणि हा एवढा चुकवला.”

पनवतीची समजूत वेडगळ वाटते, पण ती माणसाला एक आधार देते, असे माझे मत आहे. बाकावर बसून काहीच करता येत नाही, ही असहायता सोसण्यापेक्षा दोष स्वतःकडे घेणे सोपे जाते; निदान काहीतरी आपल्या हातात आहे असे वाटते. त्याखाली आणखी एक हट्ट दडलेला असतो: मी इतकी वर्षे निष्ठा ठेवली, तेव्हा संघाने करंडक दिलाच पाहिजे. हरल्याचे दुःख स्वाभाविक आहे. घर वेठीला धरणारा संताप या हट्टातून येतो, असे आमची विवेकनिष्ठ विचारसरणी, म्हणजे भावनांमागचे हट्टी विचार तपासणारी समुपदेशनाची पद्धत, मानते आणि मलाही ते पदोपदी पटत आले आहे. त्यातून इंडियन सुपर लीगची रचनाच अशी, की २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल येऊन संघाने त्यासाठीची ढाल मिळवली, पण करंडक ठरवणाऱ्या बाद फेरीत चेन्नईने त्याला घरी बसवले. अशा पाठीराख्याची निराशा निराधार नाही, हे कुटुंबीयांनीही मान्य करावे.

आम्ही मोजकेच ठरवले. एका सामन्याला नेहमीची जागा सोडायची, पुढच्या सामन्याला ठरलेला नारिंगी शर्ट घालायचा नाही. हरल्यावर एक फेरी मारून यायचे आणि जेवायला सर्वांबरोबर बसायचे. जागा बदलणे त्यांना पराभवापेक्षा जड गेले. सामन्यांना जाणे बंद करा, असे मी त्यांना एकदाही सांगितले नाही.

एखाद्या संध्याकाळच्या उदासीसाठी कोणी माझ्याकडे येण्याची गरज नाही. झोप उडाली, दारू वाढली, पैजांवर पैसे जाऊ लागले किंवा घरात धाक बसला, तर मात्र जरूर यावे. पत्नींना एवढेच सुचवते, की ‘खेळच तर आहे’ हे वाक्य त्या रात्री टाळा आणि तो शेवटचा गोल कसा झाला, हे त्याला दहा मिनिटे सांगू द्या.