गल्लीतला शेरू अप्पांचे कान होईल का?

प्रश्न : ताई, आमचे अप्पा उभं आयुष्य यंत्रमागावर राबले. आता त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन ते लावत नाहीत. आम्ही कामाला गेलो की दिवसभर घरी एकटेच, पाहुणे बेल वाजवून निघून जातात. गेल्या पावसाळ्यात रिक्षाखाली सापडलेला गल्लीतला कुत्रा आम्ही घरी आणला. शेरू आता बरा आहे, थोडा लंगडतो, अप्पांच्या खाटेखाली बसून असतो. बेल वाजली की अप्पांना सांगायला तो शिकेल का? की लॅब्रेडॉरच लागतो?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : लॅब्रेडॉर लागत नाही. अंध माणसाला रस्त्यावरून नेणारा कुत्रा अंगापिंडानं मोठा लागतो, हे काम तसं नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात बहिऱ्या माणसांसाठी कुत्रे तयार करू लागले, तेव्हा त्यातले पुष्कळ बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यांतूनच घेतलेले होते. शिवाय सोलापूरचा मे महिना आपला गावठी जास्त सोसतो.

आधी डॉक्टर. पायाचा एक्स-रे, रेबीजची लस, जंताचं औषध, गोचीड तापासाठी रक्ततपासणी. पाय अजून दुखत असेल तर त्याला पंजा मारायला शिकवू नका, नाकानं ढोसायला शिकवा.

मला खरी काळजी आहे ती त्या खाटेखाली बसण्याची. ते मायेनं की भीतीनं? थोड्या अंतरावर स्टीलचं ताट पाडून बघा. दचकला तरी चालेल. दचकून पुन्हा ताट हुंगायला आला, तर खुशाल शिकवा. शेपूट पोटात घालून बसला, खाऊ दाखवूनही बाहेर येईना, तर थांबा. गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूला थरथरणाऱ्या जिवाच्या गळ्यात आवाजाचंच काम बांधू नये. तो अप्पांना सोबत करतोय, तेवढंही पुष्कळ आहे.

शिकवायचं मात्र अप्पांनीच. खाऊ तुमच्या हातून मिळाला तर बेल वाजल्यावर शेरू तुमच्याकडे धावेल, अप्पांकडे नाही. अप्पांनी तळहात पुढे धरायचा, शेरूनं नाक लावलं की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. पाच मिनिटं पुरे, सकाळच्या गारव्यात. हे पक्कं झालं की तुम्ही मोबाईलवर बेलचा आवाज अगदी हळू लावा. अप्पांना तो ऐकू येणार नाही, म्हणून शेरूच्या पाठीमागे उभं राहून हात वर करा. तो दिसला की अप्पांनी तळहात पुढे करायचा. पुढे अप्पांनी हात मांडीवरच ठेवायचा आणि शेरू आपणहून ढोसतो का ते बघायचं. इथे घाई करू नका, बहुतेक घरी गाडी इथेच अडते. जमलं की खरी बेल लावा, मग अप्पांनी त्याच्यामागून दारापर्यंत जायचं आणि दुसरा तुकडा दारापाशी द्यायचा.

याला काही महिने धरून चाला. बेल पक्की झाल्याशिवाय कुकरच्या शिट्टीला हात घालू नका. आणि गॅसगळतीसाठी शेरूवर विसंबू नका, त्याला वेगळं यंत्र बसवून घ्या, दिव्यानं इशारा देणारं.

शेजाऱ्यांची बेल तुमच्यासारखीच वाजत असेल तर सुरू करण्याआधी तुमची बदला, नाहीतर अप्पांना दिवसभर उगाच दारापर्यंत खेपा पडतील.