वडिलांच्या वर्कशॉपचं फर्निचर 85,000 ला उक्तं द्यावं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र थोडक्यात असं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात वडिलांचा भाड्याचा गाळा आहे, तो रिकामा करायचाय. मशिनं विकून झाली. उरलेत बिडाच्या पायांचे, सागवानी फळीचे दोन वर्क बेंच, एकावर ‘रेकॉर्ड, शेफिल्ड’ अशी उठावाची अक्षरं असलेला व्हाइस (काम घट्ट पकडायचा शिकंजा), नटबोल्टांचं चोवीस खणांचं कपाट, चार लॉकर, सहा स्टुलं आणि एक गोदरेजचं कपाट. मुंबईचा व्यापारी सगळं मिळून 85,000 ला मागतोय. तसलाच बेंच तुम्ही ऑनलाइन दीड लाखाला पाहिलात. भाऊ म्हणतात, 1,20,000 खर्चून सगळं पॉलिश करू आणि वर्षभर थांबू.

माझं मत: थांबू नका, पण उक्तंही देऊ नका.

थांबण्याचा हिशेब अवघड नाही. गाळ्याचं भाडं महिना 9,000, म्हणजे वर्षाचे 1,08,000. सामान सांभाळायलाच व्यापाऱ्याच्या ऑफरपेक्षा जास्त पैसे जाणार. त्यात पॉलिशचे 1,20,000 मिळवले की 2,28,000 घातल्यावर तुम्ही विकायला उभे राहणार, तेही गिऱ्हाईक मिळेल या भरवशावर. दीड लाख हा सांगायचा भाव आहे. त्यात दुकानदाराचं भाडं, मजुरी, वाहतूक आणि कित्येक महिने पडून राहिलेला माल धरलेला असतो. तो बेंच त्या भावाला गेला की नाही, हे त्या पानावर दिसत नाही. शिवाय असं सामान घेणाऱ्या पुष्कळ जणांना जुना ओरखडा, तेलाचा डागच हवा असतो. चकचकीत केलंत तर पैसे घालून किंमत उतरवाल. जुना रंग घासायचं तर मनातही आणू नका, त्यात शिसं असू शकतं.

आता तळाचा भाव. तुमच्या भंगारवाल्याने 32 रुपये किलो सांगितलाय आणि लोखंड-बीड मिळून 900 किलोचा अंदाज आहे: 28,800. कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांना बिडाची किंमत कळते, तिथेही एकदा विचारा. फळ्या 8 फूट लांब, अडीच फूट रुंद, 3 इंच जाड, म्हणजे प्रत्येकी 5 घनफूट. वखारीत जुन्या सागाला घनफुटाला 1,500 मिळतील असं धरू (खात्री करून घ्या), तर 15,000. एकूण 43,800. व्यापारी त्याच्या जवळपास दुप्पट देतोय, तेव्हा तो तुम्हाला लुबाडतोय असं मला वाटत नाही. पण तो ही रक्कम कोणत्या तीन वस्तूंसाठी देतोय, ते ओळखायला हवं.

माझा अंदाज: व्हाइस, खणांचं कपाट आणि दोनपैकी चांगला बेंच. फळीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला थोडं घासून पाहा. साग असेल तर सोनेरी-तपकिरी रंग आणि तेलकट वास येतो. पायाला भेग किंवा वेल्डिंगचं ठिगळ असेल तर भाव पडतो, बिडाची दुरुस्ती सहसा नीट होत नाही. व्हाइस पूर्ण उघडून मिटा, स्क्रू अडतो का ते बघा. त्याच घडणीचे व्हाइस आपल्याकडेही खूप बनले, म्हणून अक्षरांचे जवळून फोटो घ्या. कपाटाच्या कडा रिव्हेटच्या आहेत की वेल्डिंगच्या, हेही टिपा. रिव्हेटचं काम बहुधा जुनं. बनवणाऱ्याची पाटी असेल तर पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड असेल तर पाटी 1972 नंतरची, कारण पिनकोड त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला आला. ‘बॉम्बे 4’ असा शहरापुढे नुसता विभागाचा आकडा असेल तर बहुधा त्याआधीची. आयएसआयचा शिक्का 1955 च्या आधीचा नसतो. गोदरेज मात्र जुनं असलं तरी दुर्मीळ नाही; घरात जागा असेल तर तेच ठेवा.

या तीन वस्तूंचे वेगळे भाव मागवा. मुंबईत चोरबाजार आणि ओशिवरा, पुण्यात जुना बाजार, शिवाय कॅफे किंवा स्टुडिओची सजावट करणारे एक-दोन जण. त्यांना एकच महिना द्या. त्या महिन्याचे 9,000 भाडं जाणार, म्हणून तीन वस्तूंचे भाव आणि उरलेल्या सामानाला मिळणारे पैसे मिळून 94,000 च्या वर जात असतील तरच सुटं विका. नाहीतर 85,000 घ्या. व्यापारी महिनाभर थांबेल का, हे आजच विचारा. नाही म्हणाला तर आठवडा मागून घ्या, तेवढ्यात फोटोंवरही भाव कळतो.

कराचं एक. वडिलांनी या वस्तूंवर घसारा घेतला असेल तर ‘घरातलं जुनं सामान विकलं, त्यावर कर कसला’ असं म्हणता येणार नाही. धंद्याची मालमत्ता वैयक्तिक वापराच्या वस्तूंत बसत नाही. त्यांचं शेवटचं विवरणपत्र सीएला दाखवा आणि जीएसटी नोंदणी रद्द झाली का तेही बघून घ्या. भावाची संमती लेखी घ्या, रक्कम कशी वाटायची तेही त्यात लिहा.

सौदा ठरला की खोलणं, हमाली आणि टेम्पो कुणाचा, हे आधी बोलून घ्या. 85,000 मधून हे वजा झालं तर आकडा बराच उतरतो. पैसे खात्यात जमा झालेले दिसल्याशिवाय पहिला बेंच गाळ्याबाहेर जाऊ देऊ नका. आणि गाळामालकाला नोटीस आजच द्या.