जळगावात टाकलेल्या प्लास्टिकचा समुद्रातल्या कासवांना खरंच त्रास होतो का?

होतो. पण आज नाल्यात टाकलेली कॅरीबॅग आठ दिवसांत समुद्रात, इतकं ते सरळ नाही.

मुलताईला उगम पावलेली तापी 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. भुसावळ तिच्या काठावरच आहे. जळगावकडची गिरणा आणि धुळ्याची पांझरा तिलाच येऊन मिळतात. पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज आणि मग गुजरातेतलं उकाई धरण. बरंचसं प्लास्टिक तिथं अडतं, गाळात बसतं. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पुढे सरकतं, आणि तोवर उन्हानं त्याचा चुरा झालेला असतो. तो चुरा कोण वेचणार?

माझे मेहुणे दापोलीला असतात, म्हणून हर्णैला जाणं होतं. तिथं एकदा ऑलिव्ह रिडले कासव पाहिलं. त्याच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायात नायलॉनचं जाळं पार मांसात रुतलेलं. कोळ्यांनी ते कापून काढलं. आता ते जाळं काही खान्देशातून गेलेलं नव्हतं, हे मान्य. पिशव्यांचं मात्र वेगळं आहे. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते, हे तुम्ही ऐकलं असेल. पण नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही. समुद्रात राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ, जिवाणू चढतात आणि त्याला खाद्यासारखा वास येतो. लॉगरहेड कासवांवरच्या 2020 च्या प्रयोगात ती या वासाला खाण्याच्या वासासारखीच प्रतिसाद देताना दिसली. त्यात कासवाच्या अन्ननलिकेत पोटाकडे वळलेले काटे असतात, त्यामुळे गिळलेलं सहसा परत येत नाही.

राज्यात 2018 पासून पिशव्यांवर बंदी आहे. ती कशी पाळली जाते ते कुठल्याही आठवडे बाजारात बघा. माझ्या मते आपल्याकडं पिशवीइतकंच शेतातलं प्लास्टिक गंभीर आहे, आणि त्यावर कुणी बोलत नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला पैसे देऊन नेतो, म्हणून त्या बांधावर उरत नाहीत. टरबूज-मिरचीच्या वाफ्यावर अंथरलेला, मातीनं माखलेला मल्चिंग पेपर (नावाला पेपर, असतो प्लास्टिकच) मात्र तो शिवतही नाही. मग तो जाळतात (धूर आपल्याच नाकात), नाहीतर नांगरटीत त्याच्या चिंध्या होतात आणि पहिल्या मोठ्या पावसात नाल्याला लागतात.

तुमची शेती असेल तर पेपर थोडा जाड घ्या आणि पीक निघाल्याबरोबर उचला. उन्हात ठिसूळ झाला की सलग निघत नाही.