अमेरिकेतली डीव्हीडी, भुसावळचा प्लेअर

प्रश्न : भाचीने अमेरिकेहून ‘ब्रिंग इट ऑन’ची डीव्हीडी आणली. चिअरलीडिंग स्पर्धेचा तो २००० सालचा विनोदी सिनेमा. आमचा प्लेअर ‘राँग रिजन’ दाखवून तबकडी बाहेर ढकलतो. तबकडी खराब आहे का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : तबकडी बहुधा ठणठणीत आहे. वेष्टणाच्या मागे पृथ्वीगोलाच्या चित्रात आकडा बघा. तो रिजनचा, म्हणजे जगाच्या ज्या भागात तबकडी विकायची त्याचा आकडा. अमेरिकेचा १, आपला ५. तबकडीचा आकडा प्लेअरच्या आकड्याशी जुळला नाही की प्लेअर अडून बसतो.

संगणकाच्या ड्राइव्हवर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून रिजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा निवडलेला कायमचा. त्यामुळे गंमत म्हणून बदलत बसू नका. आधी व्हीएलसी या संगणकावरच्या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये लावून पाहा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

रिजन सुटला तरी दुसरी भानगड उरते. टीव्हीवर चित्र आडव्या रेषांनी बनतं, आणि त्याच्या पद्धती दोन. तिकडची तबकडी ‘एनटीएससी’ पद्धतीची : ५२५ रेषा, आपली ‘पाल’ (PAL) पद्धतीची : ६२५. जुन्या डबा टीव्हीवर चित्र काळं-पांढरं होतं किंवा वरखाली सरकतं. प्लेअरच्या सेटअपमध्ये ‘टीव्ही सिस्टीम’ ‘मल्टी’ वा ‘ऑटो’ ठेवा. संगणकावर उड्या मारणाऱ्या मुलींच्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या, तर व्हिडिओ प्लेअरमधली ‘डीइंटरलेस’ ही त्या रेघा घालवणारी सोय चालू करा. अशा सिनेमात हालचाल सतत, म्हणून ते जास्तच खुपतं.

पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल नको. आणि मे महिन्यात गाडीत तर मुळीच ठेवू नका. भुसावळच्या उन्हात तबकडी पापडासारखी वाकते.