दातांच्या तारा मोफत कोणाला?

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. १२ वर्षांच्या मुलीचे वरचे दात पुढे आहेत, तरी एनएचएसने (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) मोफत तारा नाकारल्या. असं का?

उत्तर : इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलांची गरज १ ते ५ श्रेणींत ठरते. दोषांची बेरीज होत नाही, सर्वांत गंभीर दोष धरतात. वरचे दात खालच्यांपेक्षा ६ मिमीहून जास्त पुढे असतील तर श्रेणी ४, ९ मिमीहून जास्त असतील तर ५, दोन्ही पात्र. ३.५ ते ६ मिमी आणि ओठ सहज मिटत नसतील तर ३. श्रेणी ३ असेल तर दातांची ठेवण चांगल्यापासून वाईटापर्यंत क्रमाने दाखवणाऱ्या दहा छायाचित्रांशी ताडून सहावा किंवा पुढचा क्रमांक यावा लागतो.

मोजताना मुलं नकळत खालचा जबडा पुढे काढतात, अंतर कमी भरतं. दाढा नीट मिटवून पुन्हा मोजायला सांगा. सुळा हाडात अडकलाय का, हेही विचारा. तसं असेल तर थेट श्रेणी ५.